स्वस्त धागा

“आता उघडू?” किकुएने विचारलं.

“थांबा जरा, आत अजून आच आहे,” ओनिझुकासान म्हणाले, आणि न राहवून त्यांनीच भट्टीचं दार ओढलं.

भपकन गरम वाफ आली. दोघांनीही तोंड बाजूला केलं. मग वाकून पाहिलं, तर जाळीच्या तव्यावर काल पसरून ठेवलेला धागा नव्हताच. तिथे एक काळं, चकचकीत ढेकूळ बसलं होतं. उन्हात गूळ पाघळून पुन्हा आळावा, तसं.

ओनिझुकासाननी खिशातून पेचकस काढला आणि ढेकूळ टोकरून पाहिलं. काचेसारखा टणटण आवाज आला.

“परत चिकटला,” ते म्हणाले.

“माझ्याकडून तवा वाकडा लागला का हो?” किकुएने विचारलं.

“नाही नाही, योशिताकेसान, तुमचं काही चुकलं नाही. आच मीच भराभर वाढवली. घाई नडली.”

मागे हात पुसत उभी असलेली हात्सू म्हणाली, “घाई तुमची कुठली, घाई कंपनीची. यंदा धागा निघाला नाही, तर आपण तिघं निघणार, असं कचेरीत सगळे बोलतायत.”

ओनिझुकासान हसले, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. त्यांनी ढेकूळ फडक्यात गुंडाळलं आणि शेजारच्या खोलीत नेऊन कपाटावर ठेवलं. तिथे असल्या ढेकळांची रांगच लागली होती.

कारखाना अरिआके खाडीच्या काठी होता. खाणीतून आलेला कोळसा पलीकडच्या मोठ्या भट्ट्यांत भाजला जाई, त्याचा कोक पोलादाच्या कारखान्यांना जाई, आणि भाजताना सुटलेलं डांबर नळांतून इकडे येई. त्यातून रंगाचं, औषधाचं, डांबरगोळ्यांचं जे काय निघायचं ते काढून घेतलं, की तळाला उरणाऱ्या काळ्या गाळाला पिच म्हणत. थंड झाला की दगड, तापवला की मध. रस्त्यावर ओतायचा नाहीतर होडीच्या बुडाला फासायचा, एवढीच त्याची किंमत. ओनिझुकासान त्या गाळाचं सूत काढायला निघाले होते. वितळलेला पिच बारीक भोकांतून दाबून काढायचा, फिरत्या पिंपावर गुंडाळायचा. मग हवेत अगदी सावकाश भाजायचा, म्हणजे तो पुन्हा वितळत नाही. शेवटी हवा लागू न देता लालबुंद भट्टीत तापवायचा. जे उरेल तो निव्वळ कोळशाचा धागा, केसाहून बारीक आणि तारेहून चिवट.

तसा धागा जगात होता. पण तो महागड्या कृत्रिम सुतापासून करत, आणि विमानं बांधणाऱ्यांखेरीज कुणाला परवडत नसे.

“विमानवाल्यांचं विमानवाल्यांना लखलाभ,” ओनिझुकासान म्हणायचे. “माझा बाप कोळी. त्याच्या होडीला परवडला पाहिजे. घराच्या भिंतीत सिमेंटबरोबर कालवता आला पाहिजे. इतका स्वस्त.”

हे बोलताना त्यांचे कान लाल होत. चाळिशी उलटली तरी माणूस एकटाच होता, कारखान्याच्या खोल्यांत राहायचा, आणि शर्टाची बटणं बहुतेक वेळा खालीवर लावलेली असत.

किकुएचं काम पिंपावरून ताजा धागा उतरवून तव्यावर पसरायचं. भाजण्याआधी तो धागा इतका ठिसूळ, की समोरून कुणी उसासा टाकला तरी तुटावा. ती आणि हात्सू मान वळवून श्वास सोडत. हात्सू म्हणायची, “पोरं झाली तेव्हा त्यांनासुद्धा इतकं अलगद नव्हतं उचललं मी. आणि हे कारटं मेलं, पसरून ठेवलं की सकाळी ढेकूळ!” किकुए हसून घेई. तिला स्वतःला हे काम आवडत होतं. त्या कामात दुसरा विचार करताच येत नसे.

घरी विचारांना तोटा नव्हता.

खाणीतल्या स्फोटाला दहा वर्षं होऊन गेली होती. तिचा नवरा इसामू योशिताके तेव्हा खाली खाणीत होता. शेकडो माणसं गेली, इसामू वाचला. त्याला वर आणलं तेव्हा त्याचे गाल लालसर दिसत होते, झोपलेल्या मुलासारखे. शेजारणींनी तिचे हात धरून म्हटलं होतं, नशीबवान आहेस गं बाई. ज्या वायूने बाकीच्यांचा जीव घेतला, त्याने इसामूच्या डोक्यातलं काय काय नेलं ते हळूहळू कळत गेलं. त्याला मुलीचं नाव आठवेना. बुटाची नाडी बांधता येईना. कधी तासन्‌तास गप्प, कधी साध्या गोष्टीवरून भांडी फेकायचा. पंचेचाळिशीचा आडदांड माणूस, पण जेवताना त्याच्यासमोर बसून ‘आता चावा, आता गिळा’ म्हणावं लागे. मुलगी चिझुरू शाळा संपताच ओसाकाला नोकरीला गेली आणि सणावारालाच यायची. तिला दोष तरी काय द्यायचा?

खाणीत मेलेल्यांच्या बायकांना लोक विधवा म्हणत. किकुएसारखीला काय म्हणायचं, ते कुणालाच ठरवता आलं नाही.

खाणकामगारांच्या चाळीत शेजारी शिगेआजी राहायची. किकुए कामावर असताना ती इसामूवर लक्ष ठेवी. दारात येईल त्याला, टपालवाला असो की भाजीवाली, इसामू एकच विचारायचा, “खाली हवा कशी आहे आज?” शिगेआजी दर वेळी सांगायची, “झकास आहे हवा, चांगली खेळतेय.” मग तो मान डोलवायचा आणि पुन्हा भिंतीला टेकून बसायचा.

संध्याकाळी किकुए परतली, की तो तिची बाही हातात घेऊन हुंगायचा. पिचचा वास कितीही धुतला तरी कपड्यांतून जात नाही. इसामूला तो कोळशाचा वाटत असावा.

“कामाची पाळी संपली?” तो विचारायचा.

“संपली हो.”

“दमलीस?”

हा एवढा एक शब्द दिवसभरात त्याच्या तोंडून नवऱ्यासारखा यायचा. तेवढ्यासाठी तिने बाहीचा वास घालवायचा फारसा प्रयत्न कधी केला नाही.

शरद ऋतूत धागा साधला. ओनिझुकासाननी पिच आधी जास्त वेळ उकळून त्यातला हलका, धुरकट भाग पुरता काढून टाकला, आणि भाजताना आच गोगलगाईच्या चालीने चढवली. सकाळी दार उघडलं, तर तव्यावर धागे जसेच्या तसे होते, एकमेकांना न चिकटलेले. लाल भट्टीतून बाहेर आले तेव्हा त्यांना काळ्या रेशमाची झाक होती. ओनिझुकासाननी त्यांची एक बट वळली, छताच्या हुकाला बांधली आणि खाली पाण्याने भरलेली चहाची किटली टांगली.

किटली लोंबकळत राहिली.

“धरलं!” हात्सू ओरडली. “धरलं की हो मेल्याने!”

ओनिझुकासान चष्मा काढून पुसत होते. पुसून झाला, लावला, परत काढून पुसला. मग ते दोघींकडे वळले आणि त्यांनी कंबरेत पार खालपर्यंत वाकून नमस्कार केला. किकुएला काय करावं कळेना. तिनेही वाकून नमस्कार केला. तिघं त्या किटलीभोवती एकमेकांना नमस्कार करत उभी राहिली, आणि मग हात्सूला हसू फुटलं.

त्या दिवशी घरी जाताना किकुएला आपल्या बोटांकडे सारखं बघावंसं वाटत होतं.

सगळं तिथेच थांबतं तर बरं होतं. पण त्याच हिवाळ्यात तेलाचे भाव भडकले. दुकानांतून साबण आणि कागद गायब झाले, रस्त्यावरचे दिवे लवकर मालवू लागले, आणि कारखान्यात जिथे तिथे ‘तेल वाचवा’ असे फलक लागले. एके दिवशी व्यवस्थापक मानाबे स्वतः प्रयोगशाळेत आले. सरळ, व्यवहारी माणूस. कामगारांची नावं त्यांना पाठ असत.

“अभिनंदन करायला उशीरच झाला,” ते म्हणाले. “ओसाकाहून घरांच्या भिंती बनवणारी एक कंपनी बघायला येतेय. सिमेंटमध्ये तुमचा धागा घालून पाहणार आहेत. पण भाव ऐकला की पळून जातील. भाव उतरवा, ओनिझुका.”

“पिच तर फुकटच आहे, साहेब.”

“पिच फुकट आहे, धूर महाग आहे.” मानाबेंनी छताकडे बोट केलं.

पिच भाजताना जो पिवळा, जड धूर निघे, तो नळीने नेऊन मागच्या छोट्या भट्टीत जाळून टाकत. ही भट्टी दिवसरात्र तेल पीत असे. आणि पिच आधी जास्त वेळ उकळायचा, तर त्यालाही इंधन लागे.

“ही धूर जाळायची भट्टी बंद ठेवा. उकळणंही निम्म्यावर आणा. धूर पंख्याने बाहेर सोडायचा, समुद्र आहेच. एकदा मागणी पक्की झाली की पुन्हा सुरू करू. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

किकुए तवा पुसत होती. तिला वाटलं, ओनिझुकासान काहीतरी म्हणतील. ते एवढंच म्हणाले, “भाजायची आच पुन्हा जुळवावी लागेल.”

दुसऱ्या दिवसापासून मागची भट्टी थंड झाली.

धूर बाहेर जाण्याऐवजी वाऱ्याबरोबर आत यायचा. खाडीवरून वारा सुटला की खोलीत समोरचं माणूस धूसर दिसे. डोळे चुरचुरत, घशात गोडसर कडवट काहीतरी साचून राही. पिचचा धूर अंगावर बसला आणि त्यावर ऊन पडलं, की कातडी भाजल्यासारखी होते, हे डांबराच्या कारखान्यात सगळेच जाणत. म्हणून बायका तोंडाला फडकं बांधून घरी जात. पण एका निरभ्र दुपारी हात्सू फडकं विसरली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिचे डोळे सुजून बारीक झाले होते आणि गालांवरून पापुद्रे निघत होते.

“बघ, माझं भाजणं छान जमलं,” ती किकुएला म्हणाली. “चिकटले नाही कुठे.”

या वेळी किकुएला हसू आलं नाही. तिने हात्सूला पाटावर बसवलं, ओलं फडकं डोळ्यांवर ठेवलं. हात्सू थट्टा करता करता खोकायला लागली आणि बराच वेळ खोकत राहिली.

तेवढ्यात मानाबे दारात आले. ओसाकाचे लोक पुढच्या आठवड्यात यायचे होते आणि तोवर बराच धागा हवा होता.

“योशिताकेसान, तवे लावले का?”

किकुएच्या हातात भरलेला तवा होता. तिने तो टेबलावर ठेवला, अगदी हळू, एकही धागा तुटू न देता.

“मी नाही लावणार,” ती म्हणाली.

खोलीत सगळे थबकले. किकुएने आजवर कुणाला नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

“काय झालं?” मानाबेंनी विचारलं. “तब्येत बरी नाही का?”

“आधी मागची भट्टी पेटवा. मग लावते.”

“अहो, सांगितलं ना, दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. कायमचं थोडंच आहे?”

“माझे मालक खाणीत धूळ झाडायच्या टोळीत होते,” किकुए म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखाली धूळ साचते ना, ती काढायची आणि पाणी मारायचं. तेवढंच काम. मग एकदा वरून हुकूम आला, खर्च फार होतोय, टोळी कमी करा. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाले होते. त्यांना कोळसा फोडायला धाडलं. पगार वाढला म्हणून चाळीत आम्ही मेजवानी केली. आणि मग ती धूळच पेटली, साहेब.”

मानाबे टेबलावरच्या तव्याकडे बघू लागले.

“स्वस्त व्हायला हवं, ते मला कळतं,” ती म्हणाली. “पण ते नेमकं कुणाच्या अंगातून स्वस्त होतं, तेही बघायला नको का?”

तिने अंगावरचा एप्रन काढला, घडी घातली, हात्सूला हाताला धरून उठवलं आणि दोघी बाहेर पडल्या. ओनिझुकासान पिंपाजवळ उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढचे काही दिवस किकुए कामावर गेली नाही. तिला आपल्या बोलण्याची भीतीच वाटत होती. नोकरी गेली तर इसामूच्या औषधांचं काय, चिझुरूला काय सांगायचं? शिगेआजी म्हणाली, “बोललीस ते बोललीस. आता मुळा चिरायला घे.” दोघींनी मिळून लोणच्याला मुळे घातले.

रविवारी दुपारी ओनिझुकासान चाळीत आले. हातात मिठाईचा पुडा होता आणि शर्टाची बटणं आज बरोबर लागली होती. ते दारातच थांबले, कारण उंबऱ्याशी इसामू बसला होता.

“खाली हवा कशी आहे आज?” इसामूने विचारलं.

ओनिझुकासान गडबडले. त्यांनी किकुएकडे पाहिलं. ती आतून खूण करत होती, चांगली आहे म्हणा.

“चांगली आहे,” ते म्हणाले.

इसामूने हात लांबवून त्यांच्या कोटाची बाही धरली आणि नाकाशी नेली. मग त्याने बाही सोडली.

“खोटं,” तो म्हणाला. “वर काढा सगळ्यांना.”

“अहो, पाहुणे आहेत ते,” किकुए धावत आली. “रागवू नका, ओनिझुकासान, ते सगळ्यांनाच असं काहीतरी म्हणतात.”

पण असं तो कधीच कुणाला म्हणाला नव्हता, आणि ते तिलाही माहीत होतं.

ओनिझुकासान आत येऊन बसले. चहा झाला. तिला कामावर परत बोलवायला आले असावेत, पण तो विषय त्यांनी काढलाच नाही. चहाचा पेला दोन्ही हातांत फिरवत त्यांनी विचारलं, “हात्सूसान कशा आहेत?”

“सूज उतरलीय. खोकला आहे.”

“मी त्या दिवशी तिथेच उभा होतो.”

“हो.”

“इतकी वर्षं त्या धाग्याच्या मागे आहे मी. एका हाताच्या अंतरावर आला होता.” त्यांनी पेला खाली ठेवला. “मला वाटलं, थोडेच दिवस.”

किकुएने लोणच्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली. तिला त्यांचा राग आला होता. पण समोर बसलेल्या माणसाच्या मनगटांवर धुराने उठलेले लाल चट्टे होते. तोही त्याच खोलीत उभा राहत होता.

“घ्या,” ती म्हणाली. “मुरायचाय अजून, पण बरा लागतो.”

त्यांनी मुळ्याचा एक तुकडा खाल्ला. इसामूनेही हात पुढे केला, तेव्हा ओनिझुकासाननी त्याला एक दिला, आणि त्याने तो न चावता तोंडात धरून ठेवल्यावर, किकुए म्हणायची तसंच, हळूच म्हणाले, “चावा.”

ओसाकाची माणसं आली त्या दिवशी काय झालं, ते हात्सूला कचेरीतल्या मुलीने सांगितलं आणि हात्सूने किकुएला. पाहुण्यांनी धागा ताणून पाहिला, सिमेंटची पाटी वाकवून पाहिली, फार खूश झाले. मानाबेंनी कागदावरचा भाव सांगितला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. तेव्हा ओनिझुकासान उठून उभे राहिले आणि म्हणाले की हा भाव खरा नाही. यात धूर जाळण्याचा खर्च धरलेला नाही, पिच पुरता उकळण्याचा नाही. ते धरलं तर भाव इतका होतो. धागा त्याच भावाने मिळेल. त्याहून कमी भावाने तो आज तरी करता येत नाही, आणि करू नये.

“मग?” किकुएने विचारलं.

“मग काय, पाहुणे फार सभ्य निघाले. विचार करून कळवतो म्हणाले. जेवण न करताच स्टेशनला गेले. मानाबेसाहेब लालेलाल! पण ओरडले नाहीत म्हणे. म्हणाले, तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचं पोर पुरलंत.”

“आणि ओनिझुकासान काय म्हणाले?”

“म्हणाले, अजून मेलं नाही, साहेब. जरा उशिरा चालायला लागेल.”

ओसाकाहून काही कळवलं गेलं नाही. वसंतात कंपनीने प्रयोगशाळा बंद केली. हात्सूला डांबरगोळ्यांच्या विभागात घेतलं. किकुएलाही बोलावलं होतं, पण खाडीकाठच्या समुद्रशेवाळाच्या शेडमध्ये तिला काम मिळालं होतं. ओल्या शेवाळाचे कागदासारखे पातळ पापुद्रे वाळवायचे आणि न फाडता सोडवायचे. शेडच्या मालकिणीने पहिल्याच दिवशी विचारलं, “हात फार हलका आहे तुमचा. आधी कुठे होतात?” किकुए म्हणाली, “डांबरात.” मालकिणीला ती थट्टा वाटली.

मानाबेंबद्दल तिच्या मनात अढी राहिली नाही. शेवटच्या दिवशी ते स्वतः फाटकापर्यंत आले होते. निरोप घेताना त्यांनी विचारलं, “तुमचे यजमान कसे आहेत?” एवढ्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

ओनिझुकासान उत्तरेकडच्या एका लहान कारखान्यात चालले होते. तिथल्या मालकाने धाग्याचं काम पुढे चालू ठेवायला एक कोपरा देऊ केला होता; पगार कमी होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते निरोप घ्यायला चाळीत आले. त्या वेळी किकुए साबण, टॉवेल आणि लाकडी घमेलं घेऊन न्हाणीघराकडे निघाली होती. चाळीतल्या सगळ्यांचं न्हाणीघर एकच. कोपऱ्यावर, उंच धुराड्याचं.

“चुकीच्या वेळी आलो,” ते म्हणाले. “यजमानांना कोण नेतं न्हाणीला?”

“त्यांना मी घरीच घालते आंघोळ. पूर्वी जायचे. पण पुरुषांच्या बाजूला मला जाता येत नाही, आणि एकदा वाफेत घाबरून ओरडायला लागले, तेव्हापासून लोकांनाही नको वाटतं.”

ओनिझुकासाननी कोट काढून खुंटीला अडकवला.

“चला, इसामूसान,” ते म्हणाले. “आज आपण जाऊ.”

“अहो, नको, तुम्हाला जमायचं नाही ते...”

“नाही जमलं तर हाक मारीन.”

इसामू उठला. का उठला, कुणास ठाऊक. ओनिझुकासाननी त्याच्या पायात खडावा घातल्या आणि दोघं पुढे, किकुए मागे, अशी तिघं चाळीतून निघाली. शिगेआजी दारातून बघत राहिली.

न्हाणीघरात बायकांची आणि पुरुषांची बाजू एकाच भिंतीने वेगळी केलेली होती, आणि ती भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. किकुए अंग धुऊन गरम पाण्याच्या हौदात उतरली आणि भिंतीकडे कान लावून बसली. पलीकडून पाणी ओतल्याचे आवाज येत होते, घमेली आपटत होती. कुणीतरी म्हणालं, “अरे, योशिताके आलाय!” आणि मग एकदम शांतता.

“पाठ चोळतो हं,” ओनिझुकासानांचा आवाज आला. “गरम लागलं तर सांगा.”

चोळण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“हे निळे डाग निघत का नाहीत?”

“ते नाही निघायचे, साहेब,” एक म्हातारा आवाज म्हणाला. “खाली जखम झाली की कोळसा आत बसतो. वर कातडं येतं. हे बघा, माझ्याही पाठीवर आहेत. आम्हा सगळ्यांच्याच आहेत.”

“असं होय,” ओनिझुकासान म्हणाले. थोड्या वेळाने ते पुन्हा चोळू लागले, या वेळी हलक्या हाताने. इसामू ओरडला नाही. तो काहीच बोलला नाही. एकदा फक्त कुणीतरी हौदात उतरताना काढतं तसा एक लांब, सुखाचा हुंकार आला, आणि तो त्याचाच होता की दुसऱ्या कुणाचा, ते किकुएला भिंतीपलीकडून ओळखता आलं नाही.

चाळीतल्या नवऱ्यांची सवय होती, आंघोळ उरकली की भिंतीवरून बायकोला हाक मारायची, म्हणजे दोघं एकाच वेळी बाहेर पडतील. तशा हाका चालू झाल्या. एकेक बाई उत्तर देत हौदातून उठत होती. किकुए गळ्यापर्यंत पाण्यात बसून होती. तिला घाई नव्हती. तिला इतक्या वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

“योशिताकेसान!” भिंतीवरून आवाज आला, जरा संकोचलेला. “आम्ही निघतोय हो!”

हौदातल्या बायका एकदम गप्प झाल्या.

“हो!” किकुए म्हणाली. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला आणि छताखाली घुमला. “मीही निघते!”

ती उठून उभी राहिली. शेजारच्या बाईने तिच्याकडे न बघता, पाण्यातूनच, तिचा टॉवेल पुढे केला.